शेऱ्याचा रकाना

लाखाबारा संस्थानच्या बंदरावर एक वही असायची.
रकाने चार : तिथी, भरती, ओहोटी, शेरा.
छेलशंकर वसावडा, जातीने नागर, पगार अकरा कोरी,
पहिले तीन रकाने समुद्र सांगेल तसे भरायचा.
चौथ्यात काय लिहायचं
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

संवत एकोणीसशे अडतीस, वैशाख वद पाचम.
शेरा : मस्कतचा बगला आला. खजूर दोनशे थैल्या,
एक आजारी घोडा,
आणि पुंजा तांडेल, गेला तेव्हा काळ्या दाढीचा.

राज्य केवढं? दीपस्तंभावर चढलं
की तीन बाजूंना हद्द दिसायची,
चौथीकडे पाणी, आणि ते कुणाचं
यावर एजन्सीशी तीस वर्षं पत्रव्यवहार.
ठाकोरसाहेबांना सलामीची तोफ नव्हती.
राजकोटच्या दरबारात खुर्ची होती, मागची, खांबाआड.
लाटसाहेबाचं भाषण त्यांनी खांबाच्या सावलीत ऐकलं
आणि परतल्यावर सांगितलं : फार जवळून ऐकलं.
बुरुजावर स्वतःची एक तोफ होती.
तिच्यात कबुतरं.

मग मिठाचा करार झाला.
आगरं बंद. मोबदला सालिना दोन हजार तीनशे अकरा रुपये,
शिवाय दरबारच्या मुदपाकखान्यापुरतं मीठ,
तोलून, पावती घेऊन.
शेरा : राणबाई अगरियणीने खाऱ्या चिखलाचा गोळा
साहेबाच्या तंबूपुढे ठेवला. म्हणाली, हाही मोज.
साहेबाने अर्थ विचारला. दुभाषी मीच होतो.
मी म्हणालो, बाई आशीर्वाद देते आहे.

समुद्राची मात्र करारावर सही नव्हती.
तो जुन्या वाफ्यांत शिरायचा, वाळायचा, पांढरा व्हायचा.
शिपाई बूट घालून ते पांढरं तुडवत फिरायचे.
आठ महिन्यांत बूट कुजायचे.
नव्या बुटांचं बिल संस्थानच्या नावे.

छप्पन्नच्या दुष्काळात शेरा कोरा.
एकशे नऊ दिवस कोरा.
भरती-ओहोटी रोज, मिनिटासकट.
कोऱ्या रकान्यात एका ठिकाणी फक्त निब टेकल्याचा ठिपका,
शाई आरपार गेलेली.

आणि एक नोंद दुसऱ्याच हातची, गिचमिड :
लेखनिक गैरहजर. त्याची बायको गेली. भरती वेळेवर.
दुसऱ्या दिवशी पुन्हा ते सरळ, वळणदार अक्षर :
काल कुणी लिहिलं? शाई पातळ आहे.

राजकोटच्या दप्तरखान्यात मी हे वाचत बसलो होतो.
पानं एकमेकांना चिकटलेली.
शिपाई म्हणाला, बोट जिभेला लावू नका साहेब.
तोवर लावलं होतं.
खारट.
जिथे मूठभर मीठ बाळगणं गुन्हा होता
तिथे ही वही वर्षानुवर्षं खिडकीशी उघडी पडून
खारा वारा पीत राहिली,
आणि तिची झडती कुणी घेतली नाही.

पुढे अक्षर बदलतं. मुलगा, लाभशंकर.
त्याला आगगाडीचं वेड :
शेऱ्यात सात मैलांच्या रुळांचा अंदाज, तीनदा खोडलेला.
रूळ आले नाहीत. आली ती पोलादी बोट,
बंदरात पाणी कमी म्हणून दूरच थांबली,
भोंगा वाजवून निघून गेली.
पुंजाच्या नातवंडांनी कोटिया विकला, मोंबासाला गेली.

संवत दोन हजार चार, माघ.
शेरा : ठाकोरसाहेबांनी सामीलनाम्यावर सही केली.
पेन पाहुण्यांचं. परत द्यायला विसरले,
मोटार वेशीपाशी अडवून मागून घेतलं.

आठवड्याने नव्या सरकारचा मामलतदार आला, तरुण, घामेजलेला.
वही उभ्या-उभ्या चाळली.
म्हणाला, सगळ्याची बेरीज आहे, शेऱ्याची कुठाय?
लाभशंकरने टोपी सारखी केली, पान उलटलं, लिहिलं :
भरती दुपारी बारा चाळीस.
पाणी नेहमीच्या खुणेच्या वर, वीतभर.